फॉरमॅटआधीची मोजदाद

संगणक मंदावला, सुरू होता होता निळ्या पडद्यावर अडकला किंवा व्हायरसनं पार ग्रासला, की शेवटचा उपाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकायची वेळ येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि एरवी ठणठणीत चालणाऱ्या यंत्रांवरही तीच वेळ आली. पुण्यात तापकीर गल्लीतलं दुकान असो की सोसायटीत घरी येऊन काम करणारा तंत्रज्ञ, मागणी एका वाक्यात होते: ‘फॉरमॅट मारून द्या, पण डेटा जायला नको.’ यातली पहिली गोष्ट कशी करायची ते तंत्रज्ञाला पक्कं ठाऊक असतं. दुसरीचं मात्र तसं नाही. डेटा म्हणजे नेमकं काय काय, ते सांगणाऱ्यानं ठरवलेलं नसतं आणि ऐकणाऱ्यानं विचारलेलं नसतं. सिस्टिम नव्यानं टाकणं ही क्रिया मुळात तितकी धोक्याची नाही. तिच्यात बहुधा जातं ते, आपलं म्हणून आपण कधी मोजलंच नव्हतं असं काहीतरी. आणि पुण्यासारख्या छपाईच्या, प्रकाशनाच्या, दिवाळी अंकांच्या शहरात अशा न मोजलेल्या गोष्टींमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मराठी फॉन्ट.

फाईल डिस्कवर असते म्हणजे काय, ते आधी पाहू. विंडोज डिस्कची मांडणी ज्या पद्धतीनं करते तिला एनटीएफएस म्हणतात. फाईलचा मजकूर जागा मिळेल तसा तुकड्यातुकड्यांनी डिस्कवर ठेवलेला असतो, आणि कुठला तुकडा कुठं आहे, फाईलचं नाव काय, आकार केवढा, या नोंदी एका वेगळ्या तक्त्यात असतात. ग्रंथालयातली कार्डं आणि कपाटातली पुस्तकं यांच्यात जे नातं, तेच इथं. नेहमीचं झटपट फॉरमॅट कार्डांचा नवा कोरा संच मांडतं आणि पुस्तकांना हात लावत नाही. १९९१ साली आढळलेला मायकेलअँजेलो हा व्हायरस ६ मार्चला जागा होऊन डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब करत असे, म्हणजे त्या काळच्या डॉस यंत्रांवर जिथं नोंदी असत नेमका तोच भाग. त्याच दशकात पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी लिहिलेले व्हायरस काढणारे प्रोग्राम यांतून पुढची क्विक हील कंपनी उभी राहिली. व्हायरस आला की सगळं पुसायचं, या सवयीला तो एक पर्याय होता.

नोंदी गेल्या तरी मजकूर जागेवर असतो, म्हणूनच फॉरमॅट झालेल्या जुन्या हार्ड डिस्कवरून फोटो परत काढता येत असत. यातून एक समज रुजला आणि तो आजही ऐकू येतो: काही राहिलंच तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेच की. हा भरवसा आता सोडायला हवा. हल्लीच्या संगणकांत फिरत्या तबकड्यांच्या जागी एसएसडी असते. तिला सिस्टिम ‘ट्रिम’ नावाचा आदेश देते. अमुक जागा आता रिकाम्या धरा, असं सांगणारा. विंडोज ७ पासून ही सोय आहे. आदेश मिळाला की एसएसडी आपल्या सवडीनं त्या जागा आतून खरोखरच पुसून टाकते. फॉरमॅट करतानाही हा आदेश जातो. त्यानंतर महागडी प्रयोगशाळाही फारसं काही करू शकत नाही. ज्या गतीसाठी आपण एसएसडी घेतो, ती टिकवण्यासाठीच ही व्यवस्था केलेली आहे, तेव्हा तिला दोष देण्यात अर्थ नाही. चुकीला जी सवलत पूर्वी होती ती संपली, इतकंच समजून घ्यायचं.

सिस्टिम नव्यानं टाकण्याचे मार्ग तीन, आणि तिन्हींत काय उरतं ते वेगवेगळं आहे. विंडोज निदान सुरू होत असेल तर तिच्या आतूनच सेटअप चालवून ‘फाईल आणि ॲप्स दोन्ही ठेवा’ असा पर्याय घेता येतो. यात बहुतेक सगळं जागच्या जागी राहतं. सर्वांत सौम्य उपाय हाच, आणि सर्वांत कमी वापरला जाणाराही, कारण त्यात दुकानदाराला ‘सगळं कोरं करून दिलं’ असं म्हणता येत नाही. दुसरा मार्ग ‘रिसेट धिस पीसी’चा. त्यात ‘कीप माय फाईल्स’ निवडलं की वापरकर्त्याचे फोल्डर राहतात, पण वरून टाकलेली ॲप्स आणि सेटिंग जातात. तिसरा मार्ग म्हणजे पेनड्राइव्हवरून कोरी स्थापना. यातही डिस्कचा विभाग (पार्टिशन) फॉरमॅट केला नाही, तर जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात सरकवलं जातं आणि तिथून उचलता येतं. पण त्या फोल्डरावर विसंबून राहू नये. विंडोजची आवृत्ती बदलल्यानंतर तयार होणारा हा फोल्डर साधारण दहा दिवसांनी सिस्टिम आपणहून काढून टाकते, आणि जागा मोकळी करायला बसलेला माणूस तर पहिल्या दिवशीच तो उडवतो.

आपल्याकडे असेंबल केलेल्या संगणकांत एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची जुनी पद्धत आहे. ‘माझं सगळं डीमध्ये आहे, सी खुशाल फॉरमॅट करा,’ हे वाक्य तिच्यातूनच आलं. पद्धत चांगली आहे. सिस्टिम एकीकडे आणि आपलं काम दुसरीकडे हा विचारही योग्यच. पण ही राखण आपल्याला वाटते त्यापेक्षा पातळ आहे. डिस्क बिघडली तर डी तिच्याबरोबरच जातो. शिवाय विंडोजच्या सेटअपमध्ये विभाग निवडायचा पडदा येतो, तेव्हा त्यावर सी नसतो आणि डीही नसतो. तिथं दिसतं ‘ड्राइव्ह झिरो, पार्टिशन वन’, ‘पार्टिशन टू’, ‘पार्टिशन थ्री’. त्यातले एकदोन सिस्टिमचे स्वतःचे शंभर एमबीच्या आसपासचे लहान तुकडे, एखादा दुरुस्तीसाठी राखलेला, आणि मग दोन मोठे, कधीकधी जवळजवळ सारख्याच आकाराचे. माणूस आकारावरून अंदाज बांधतो आणि ‘डिलीट’ दाबतो. घात होतो तो इथंच. उपाय एका मिनिटाचा आहे: संगणक चालू असतानाच दोन्ही विभागांना ‘सिस्टिम’ आणि ‘घरचा डेटा’ अशी नावं देऊन ठेवावीत. ती नावं त्या पडद्यावर क्रमांकाच्या शेजारी दिसतात. आणि ज्या बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली असेल ती सेटअप सुरू करण्याआधी काढून बाजूला ठेवावी, म्हणजे तिचं नाव त्या यादीत येण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता मोजदादीकडे वळू. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर कुणीही उचलतो. अडचण त्यांच्या बाहेर असलेल्या गोष्टींची आहे. टॅलीत हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराचा डेटा टॅलीच्या स्वतःच्या डेटा फोल्डरात असतो, डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही. त्याचा पत्ता टॅलीच्या पडद्यावरच वाचून घ्यावा लागतो. जुन्या आउटलुकचं सगळं टपाल एका पीएसटी फाईलमध्ये असतं, आणि ती ‘ॲपडेटा’ या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात दडलेली असू शकते. ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांची गोष्ट तर आणखी वेगळी. बहुतेक ब्राउझरांचा संपूर्ण फोल्डर उचलून नेला तरी पासवर्ड उघडत नाहीत, कारण त्यांना लावलेलं कुलूप जुन्या विंडोजमधल्या त्या विशिष्ट खात्याशी बांधलेलं असतं. फाईल हातात आहे, बाइटन् बाइट शाबूत आहे, आणि तरी ती निरुपयोगी आहे. म्हणून पासवर्ड आधीच ब्राउझरच्या खात्याशी सिंक करावेत किंवा बाहेर काढून घ्यावेत; बाहेर काढलेली यादी साधी, कुणालाही वाचता येणारी असते, तेव्हा काम झाल्यावर ती नष्ट करायला विसरू नये.

मराठी मजकुराची अवस्था या पासवर्डांसारखीच आहे. तिच्याकडे बारकाईनं पाहायला हवं, कारण इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत ती सापडणार नाही. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्यात झालं. १९८८ साली इथं सी-डॅक स्थापन झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान त्यांनी पुढं वाढवलं, आयएसएम आणि आय-लीपसारखी सॉफ्टवेअर दिली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छापखान्यांत आणि डीटीपीच्या खोल्यांत घरोघरी व्हावी तशी रुळली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, पण विंडोजमध्ये तिचा उपयोग करता येऊ लागला तो विंडोज २००० पासून, आणि छपाईच्या सॉफ्टवेअरना ती नीट हाताळता यायला आणखी बरीच वर्षं गेली. या मधल्या काळात मराठी टाइप झालं ते एका युक्तीनं. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरी आकार बसवले गेले. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच. डोळ्यांना मात्र मराठी दिसायचं.

कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर फाईलमध्ये प्रत्यक्ष काय साठतं ते पाहा: लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच. म च्या जागी ई, र च्या जागी जे, काना म्हणजे के, ठ म्हणजे मोठा बी, दुसरी वेलांटी म्हणजे एच. फाईलमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही. ते आहे फॉन्टमध्ये. हा फॉन्ट सामान्यतः विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असतो, आणि ‘कीप माय फाईल्स’ म्हटलं तरी तो फोल्डर नव्यानंच मांडला जातो. मग कादंबरीची फाईल जागेवर असते, तिचं नाव, तारीख, आकार सगळं तेच, आणि उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिखल. शिवाय कृतिदेवचे खण वेगळे, श्रीलिपीचे वेगळे, सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेखचे वेगळे. जवळचा दिसतो म्हणून दुसरा फॉन्ट लावला तर चिखलाच्या जागी भलताच चिखल येतो. अशा वेळी तंत्रज्ञाला बोल लावता येत नाही. त्यानं कबूल केल्याप्रमाणे प्रत्येक फाईल राखलेली असते.

म्हणून ज्यांच्याकडे २०१० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा मराठी मजकूर आहे, त्यांनी फॉरमॅटआधी संपूर्ण फॉन्ट फोल्डरच्या फोल्डर उचलून ठेवावा. कुठला लागेल याची निवड करत बसू नये, कारण एका जुन्या पुस्तकात मथळ्याला एक, मजकुराला दुसरा आणि तळटीपांना तिसरा फॉन्ट असू शकतो. फॉन्टच्या पॅकेजला डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची किल्ली, लागत असेल तर तो चालतो का, त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळतो का, हे आधी तपासावं. पेजमेकरमधल्या फाईलींचं दुखणं दुहेरी आहे. पेजमेकर ७ हे २००१ साली आलं आणि त्यापुढची आवृत्ती कधी निघाली नाही. तेव्हा तिथं फॉन्टबरोबर तो प्रोग्राम चालवणारं जुनं यंत्रही डेटाचाच भाग समजावं लागतं. जुना संगणक मजकूर नीट दाखवतो आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या फाईलची पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफ आपल्या पोटात फॉन्ट घेऊन जाते, त्यामुळे ती कुठंही तशीच दिसते. तिच्यातून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर मात्र पुन्हा तोच चिखल निघतो, म्हणून मूळ फाईलही हवीच.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हे सगळं युनिकोडमध्ये रूपांतरित करून टाकलं तर फॉन्टची कटकट कायमची संपणार नाही का? संपेल, आणि ते करायलाच हवं. पण ते काम फॉरमॅटच्या घाईत उरकण्यासारखं नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम फॉन्टगणिक वेगळे असतात, आणि रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं या जागी ते हमखास चुका करतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमानं ठेवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. जुन्या पद्धतीत ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. ‘सूर्य’मधला रफार शेवटी टाइप व्हायचा, आता तो य च्या आधी यावा लागतो. रूपांतर झालेला मजकूर मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जायलाच हवा, आणि त्याला ताडून पाहायला मूळ पान लागतं. ते मूळ पान दाखवणारा फॉन्ट आपण नुकताच पुसलेला असेल तर ताडणार कशाशी?

‘आता सगळं क्लाउडवर असतं’ हा दुसरा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर फाईली असतील तर यंत्र गेलं तरी त्या राहतात, आणि ज्यांनी ही सवय लावून घेतली आहे त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. पण वनड्राइव्हमध्ये फुकट मिळतात ५ जीबी, गूगलकडे १५, आणि त्यातच ईमेलही बसते. जागा भरली की सिंक थांबतं. कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हाकडे कुणाचं लक्ष जात नाही. दुसरी गोष्ट, जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह बऱ्याच फाईलींची फक्त पाटी संगणकावर ठेवतं आणि ऐवज इंटरनेटवर. फाईलच्या शेजारी ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती आपल्या डिस्कवर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिंक ही आरशासारखी वागणारी व्यवस्था आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. रद्दीच्या टोपलीतून काही दिवस ते परत मिळतं, पण आपल्या चुकीपासून सुरक्षित असलेली प्रत तिला म्हणता येणार नाही. फॉन्ट, टॅलीचा डेटा, पीएसटी फाईल यांपैकी काहीही क्लाउडवर सहसा आपणहून जात नाही, हे तर वेगळंच.

तेव्हा बाहेरच्या डिस्कवर स्वतंत्र प्रत घेणं याला पर्याय नाही. ती पेनड्राइव्हवर घेत असाल तर त्याची मांडणी एफएटी-३२ नाही ना ते पाहावं; तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तेवढ्यासाठी मागं राहतो. प्रत झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांतली फाईलींची संख्या आणि एकूण आकार ताडावा. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून मधल्याच कुठल्याही फोल्डरातल्या काही फाईली उघडून पाहाव्यात: एखादा फोटो, एखादं जुनं पत्र, टॅलीचा बॅकअप. उघडून न पाहिलेली प्रत आहे म्हणून धरू नये. आणखी एक प्रत घराबाहेर ठेवावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या तळमजल्यांत शिरलं. अशा रात्री संगणक आणि त्याच्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क एकत्रच भिजतात. नातेवाइकांकडे किंवा कार्यालयात ठेवलेली डिस्क वाचते.

संगणक सुरूच होत नसेल तर प्रत घ्यायची कशी, असा प्रश्न इथं येतोच, आणि बरेच लोक इथंच हात टेकतात. पण विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ डिस्क मेली असा होत नाही. लिनक्सची उबुंटू किंवा मिंट ही आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करता येतो. ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘ट्राय’ निवडलं की डिस्कवर काहीही न लिहिता ती चालते, विंडोजचे विभाग तिला वाचता येतात आणि फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. यात आडवं येतं ते एकच, बिटलॉकर. नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि मग ४८ अंकी रिकव्हरी की मिळाल्याशिवाय कुणालाच काही वाचता येत नाही. ती की बहुधा त्या खात्यावर ऑनलाइन जमा असते. यंत्र धड असतानाच ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी. डिस्क खरखर किंवा टकटक आवाज करत असेल तर मात्र घरी काहीच करू नये, वीज बंद करून ती जाणकाराच्या हाती द्यावी.

‘एवढी यातायात तंत्रज्ञ करेल, त्यासाठीच तर पैसे देतो,’ असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रती काढण्याचं काम तो करेलही, आणि चांगला तंत्रज्ञ ते मन लावून करतो. पण २००७ मधला एक फोल्डर आजोबांच्या आठवणींचा आहे आणि त्याच्या शेजारचा टाकाऊ आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. मोजदाद मालकालाच करावी लागते. ती करायला एक संध्याकाळ पुरते: कुठले प्रोग्राम वापरतो ते ‘स्टार्ट’ची यादी उघडून एकेक पाहायचं, आणि प्रत्येकाला विचारायचं की तू माझं काय आणि कुठं ठेवतोस. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन यांचे ड्रायव्हर, सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक, हेही त्याच कागदावर लिहायचं.

नवी सिस्टिम बसली, फाईली परत आल्या, सगळं उघडलं, की बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुसून तिच्यावर चित्रपट भरायचा मोह होतो. तो निदान वर्षभर आवरावा. रोजच्या फाईलींपैकी काही राहिलं असेल तर आठवड्यात कळतं. पण विवरणपत्राची वर्कशीट जुलैत लागते, संस्थेच्या वार्षिक अहवालाचा साचा ऑगस्टमध्ये, आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचा तो विशिष्ट श्रीलिपी फॉन्ट कुणी सप्टेंबरपर्यंत उघडूनही पाहत नाही.